दिल्लीचे मिशन आणि त्यातली देशी माणसे

उत्तर हिंदुस्थानातील ख्रिस्ती मिशनांचा इतिहास बहुधा परदेशी पाद्र्यांच्या चरित्रांतून सांगितला गेला असल्यामुळे, विलायतेहून पाद्री आला, त्याने शाळा आणि दवाखाना काढला आणि मग त्याच्याभोवती देशी ख्रिस्ती जमले, असा क्रम वाचकाच्या मनात पक्का झालेला असतो. दिल्लीत हा क्रम बऱ्याच अंशी उलटा होता. तेथे अँग्लिकन पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे, मिशन उभे राहण्यापूर्वीच शहरातील दोन नामांकित देशी विद्वानांनी बाप्तिस्मा घेतला होता, आणि पुढे त्याच मिशनच्या कॉलेजची सूत्रे एका बंगाली ख्रिस्ती प्राध्यापकाच्या हाती आली तेव्हा देशातील राजकारणालाही त्याचा स्पर्श झाला. या दोन घटनांमधील चोपन्न वर्षांत देशी माणसाचे श्रम आणि विद्वत्ता मिशनला सतत लागली. निर्णयाचा अधिकार मात्र फार उशिरा, तोही मोठ्या कुरबुरीनंतर, त्याच्याकडे आला.

या कहाणीची सुरुवात मराठी वाचकाच्या ओळखीच्या ठिकाणी होते. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वेस पटपडगंजजवळ जनरल लेकने दौलतराव शिंदे यांच्या फ्रेंच सरदारांच्या हाताखालील पलटणींचा पराभव केला आणि दिल्ली शिंद्यांच्या हातून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली. शिंद्यांच्याच फौजेत वाढलेला जेम्स स्किनर, स्कॉटिश बाप आणि राजपूत आई यांचा मुलगा, त्या वर्षी कंपनीकडे आला, त्याने आपले प्रसिद्ध घोडदळ उभारले, आणि पुढे स्वतःच्या खर्चाने कश्मीरी गेटजवळ सेंट जेम्स चर्च बांधले. १८३६ मध्ये त्याचे प्रतिष्ठापन झाले. दिल्लीतील इंग्रजांचे हे पहिले चर्च ज्याच्या पैशातून उभे राहिले, त्या माणसाने तलवार प्रथम मराठ्यांच्या चाकरीत हाती धरली होती.

कंपनीला व्यापार आणि महसूल हवा होता, आणि धर्मप्रसाराने रयत बिथरेल या भीतीने तिने आपल्या मुलुखात मिशनऱ्यांना परवाना देण्याचे शक्य तितके टाळले. फौजेतील आणि ठाण्यातील गोऱ्यांसाठी ती पगारी पाद्री ठेवी. त्यांना चॅप्लेन म्हणत आणि त्यांचे काम इंग्रजांची उपासना, लग्ने आणि दफने यांपुरते मानले जाई. १८१३ च्या सनदेने पार्लमेंटने मिशनऱ्यांची वाट मोकळी केली, तरी दिल्लीसारख्या ठिकाणी, जेथे लाल किल्ल्यात तैमूरचा वंशज अजून नावापुरता बादशहा होता, तेथे परदेशी पाद्र्यापेक्षा देशी उपदेशकच अधिक मोकळेपणाने फिरू शकत असे. उपदेशक म्हणजे पाळकदीक्षा न मिळालेला, पण मिशनकडून पगार घेऊन प्रचार करणारा देशी ख्रिस्ती.

आनंद मसीह हे मेरठच्या चॅप्लेनच्या मंडळीशी जोडलेले असेच एक उपदेशक होते. १८१७ च्या मे महिन्यात दिल्लीच्या वेशीबाहेर आमराईत सुमारे पाचशे माणसे जमली असल्याचे ऐकून ते तेथे गेले, आणि पुढच्या वर्षी मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापलेल्या वृत्तावरून असे दिसते की, त्या लोकांकडे हिंदुस्थानी भाषेतील शुभवर्तमानाच्या छापील आणि हाताने उतरवून काढलेल्या प्रती होत्या. हरिद्वारच्या जत्रेत हे पुस्तक मिळाले, ते देवाने दिले, असे ते सांगत होते. हे साहेबांचे पुस्तक आहे, असे आनंद मसीह यांनी म्हटले तेव्हा, मांस खाणाऱ्या साहेबांचे ते असूच शकत नाही, असे त्यांचे उत्तर होते. बाप्तिस्मा घेऊ, पण प्रभुभोजनाचा विधी त्या गोमांसभक्षकांच्या पंक्तीत बसून करणार नाही, असेही त्यांनी बजावले. मिशनऱ्यांनी हा प्रसंग यशाची नोंद म्हणून छापला. आज वाचताना मात्र पुस्तक स्वीकारून पुस्तक देणाऱ्याला दाराबाहेर ठेवण्याची जमावाची हुशारीच नजरेत अधिक भरते, आणि त्या दोघांच्या मधोमध उभ्या असलेल्या, दोन्हीकडे थोडे परके ठरलेल्या देशी उपदेशकाची कुचंबणाही.

त्याच सुमारास, १८१८ पासून, बॅप्टिस्ट पंथाचे जे. टी. थॉम्सन दिल्लीत स्थायिक झाले. सज्ञान माणसालाच पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यावा असे मानणारा हा पंथ सेरामपूरच्या विल्यम केरी यांच्यामुळे हिंदुस्थानात रुजला होता. थॉम्सन १८५० मध्ये वारले तोपर्यंत त्यांनी बाजारात, घाटांवर आणि जत्रांमध्ये पुस्तके वाटली, पण त्यांची मंडळी लहानच राहिली. त्यांच्या पश्चात त्या मंडळीचे नाव टिकवून ठेवणाऱ्यांत वलायत अली हे मुसलमान घराण्यातून आलेले उपदेशक होते. शहरातील मौलवींशी चौकात उभे राहून वाद घालणे हे त्यांचे रोजचे काम होते आणि ते इंग्रजाने केले असते तर कोणी थांबूनही ऐकले नसते.

शहराचे खरे वैचारिक केंद्र मात्र दिल्ली कॉलेज होते. गाजीउद्दीनच्या जुन्या मदरशाला कंपनीने १८२५ मध्ये कॉलेजचे रूप दिले, आणि १८४० नंतर तेथे पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत उतरवण्याचा मोठा उद्योग सुरू झाला. बाळशास्त्री जांभेकर मुंबईत जे करत होते, त्याच जातीचे काम दिल्लीत मास्तर रामचंद्र करत होते. ते १८२१ मध्ये पानिपत येथे माथुर कायस्थ घराण्यात जन्मले, महसूल खात्यात असलेले वडील लहानपणीच वारले, घर विपन्नावस्थेत गेले. अशा मुलाने इंग्रजी शाळेत शिष्यवृत्ती मिळवली आणि तो १८४४ मध्ये कॉलेजच्या प्राच्य विभागात शास्त्रांचा शिक्षक झाला. ‘फवाइदुन्नाझिरीन’ आणि ‘मुहिब्बे हिंद’ ही दोन उर्दू नियतकालिके काढून त्यांनी खगोल, इतिहास, समाजसुधारणा यांवर लेख लिहिले. १८५० मध्ये त्यांनी कलकत्त्यास स्वखर्चाने एक इंग्रजी गणितग्रंथ छापला, ज्यात महत्तम आणि लघुतम मूल्ये काढण्याचे प्रश्न कलनशास्त्राऐवजी शुद्ध बीजगणिताने सोडवले होते, कारण भास्कराचार्यांच्या बीजगणिताची परंपरा असलेल्या देशाला नवे गणित त्याच वाटेने लवकर आत्मसात होईल अशी त्यांची धारणा होती. कलकत्त्यात या ग्रंथाची हेटाळणी झाली, पण लंडनच्या प्रोफेसर ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती तो पडला तेव्हा त्यांनी त्याचे मोल ओळखले, कंपनीच्या संचालकांकडून लेखकाला मानाचा पोशाख आणि रोख बक्षीस मिळण्यास साहाय्य केले आणि १८५९ मध्ये तो लंडनला पुन्हा छापवला.

याच रामचंद्रांनी ११ जुलै १८५२ रोजी सेंट जेम्स चर्चमध्ये डॉ. चमनलाल यांच्यासह बाप्तिस्मा घेतला. चमनलाल हे सरकारी दवाखान्यातील सब-असिस्टंट सर्जन, शहरात नावाजलेले डॉक्टर. रामचंद्रांनी आपल्या आत्मनिवेदनात सांगितल्याप्रमाणे, आधी त्यांना सर्वच धर्म अंधश्रद्धेचे वाटत आणि शिकलेले इंग्रज मनातून काही मानत नसावेत असा त्यांचा समज होता. एकदा चर्चमध्ये सुशिक्षित इंग्रज गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसल्यावर त्यांचे कुतूहल जागे झाले आणि मग त्यांनी स्वतः वाचन करून निर्णय घेतला. कोणा मिशनऱ्याने त्यांना वळवले असे म्हणण्यास जागाच नाही, कारण त्या वेळी दिल्लीत अँग्लिकन मिशनरी नव्हताच; बाप्तिस्मा देणारे रेव्हरंड मिजली जेनिंग्ज हे सरकारी चॅप्लेन होते. जेनिंग्ज यांना धर्मप्रसाराची विलक्षण आच होती आणि बादशाही राजधानीत मिशन हवेच, हा त्यांचा ध्यास होता. कॉलेजचा शिक्षक आणि दवाखान्याचा डॉक्टर एकाच दिवशी ख्रिस्ती झाल्याने शहर हादरले, पालकांत धास्ती पसरली, आणि ‘सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल’ या लंडनच्या जुन्या अँग्लिकन संस्थेला, जिचे संक्षिप्त नाव एस. पी. जी., दिल्लीत माणसे पाठवण्यास बळ मिळाले. १८५४ मध्ये जॅक्सन आणि हबर्ड हे तिचे पहिले दोन मिशनरी आले. त्यांना बसायला पाया दोन देशी माणसांनी आधीच घातलेला होता.

तीन वर्षांत तो पाया उखडला गेला. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा त्यांचा राग धर्म बुडवणाऱ्यांवर विशेष होता, आणि त्यांच्या दृष्टीने देशी ख्रिस्ती हा साहेबाहून अधिक अपराधी होता, कारण त्याने आपले सोडून परके घेतले होते. दर्यागंजमध्ये आपल्या दवाखान्यासमोर उभे असलेले चमनलाल शहरातील पहिल्या बळींपैकी एक ठरले. लाल किल्ल्याच्या लाहोर दरवाज्यावरच्या निवासात जेनिंग्ज आणि त्यांची मुलगी मारली गेली. हबर्ड, त्यांचे दोन तरुण साहाय्यक सँडिस आणि कॉक, बॅप्टिस्ट मिशनरी मॅके, थॉम्सन यांची विधवा पत्नी आणि मुली, सगळे त्या दिवसांत गेले. वलायत अली यांना धर्म सोड म्हणून धमकावण्यात आले, त्यांनी नकार दिला आणि रस्त्यात त्यांना ठार केले. त्यांची पत्नी फातिमा वाचली आणि तिने दिलेली जबानी पुढे छापली गेली, म्हणूनच दिल्लीच्या त्या दिवसाची एका देशी ख्रिस्ती स्त्रीने सांगितलेली हकिगत आज उपलब्ध आहे. रामचंद्र मात्र निसटले. हिंदू राहिलेल्या भावांनी त्यांना लपवले, विश्वासू नोकरांनी शहराबाहेर एका खेड्यात पोचवले, आणि तेथून हालअपेष्टा सोसत ते इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले.

सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर जे घडले ते या इतिहासातील सर्वात बोचरे प्रकरण आहे. रामचंद्रांना लुटीच्या मालाची मोजदाद करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, ज्यांना प्राइज एजंट म्हणत, कागदपत्रांच्या भाषांतराचे काम मिळाले होते. ते राहत त्या घरावर शेजारचे इंग्रज अधिकारी गलोलीने मातीच्या गोळ्या मारत, आणि एकदा रस्त्यात सलाम करूनही एका अधिकाऱ्याने त्यांच्या डोक्यात काठी घातली. आपण ख्रिस्ती आहोत आणि सरकारी नोकर आहोत असे सांगितल्यावर तर मार वाढला. रामचंद्रांनी लष्करी गव्हर्नर कर्नल बर्न यांच्याकडे लेखी तक्रार केली. तिचा आशय असा की, बंडवाल्यांच्या हाती सापडलो असतो तर ख्रिस्तासाठी मेलो एवढे समाधान तरी लाभले असते; ख्रिस्ती अधिकारीच केवळ कातडीच्या रंगामुळे मारू लागले तर देशी ख्रिस्त्याला कोणता आसरा उरतो? या अर्जात आक्रस्ताळेपणा कोठेच नाही, गणितज्ञाची मांडणी आहे, एकेक घटना तारखेवार लिहिलेली आहे, आणि म्हणूनच तो अधिक झोंबतो. पुढे ते काही काळ रुरकीच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकवून दिल्लीच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले, पतियाळाच्या महाराजांचे शिक्षक आणि नंतर त्या संस्थानाचे शिक्षणप्रमुख झाले, आणि ११ ऑगस्ट १८८० रोजी वारले. त्यांच्या आवडत्या विद्यार्थ्यांपैकी मुन्शी झकाउल्ला हे पुढे उर्दूतील मोठे इतिहासकार आणि पाठ्यपुस्तककार ठरले. मिशनने रामचंद्रांचे नाव अहवालांत मोठ्या अभिमानाने मिरवले, मात्र मिशनच्या कारभारात त्यांना निर्णायक जागा कधी मिळाली नाही.

मिशन पुन्हा उभे राहिले ते रॉबर्ट विंटर आणि त्यांची पत्नी प्रिसिला यांच्या काळात. प्रिसिला यांनी पडद्यातल्या बायकांपर्यंत, म्हणजे झनान्यात, पोचण्यासाठी देशी ख्रिस्ती स्त्रियांची मदत घेतली. घराघरांत जाऊन वाचायला शिकवणाऱ्या आणि बायबल वाचून दाखवणाऱ्या या ‘बायबलबाई’ नसत्या तर मडमेला चांदणी चौकाच्या एकाही हवेलीचा उंबरा ओलांडता आला नसता. आजारी बायका पुरुष डॉक्टरसमोर येत नसत, म्हणून औषधोपचाराचेही काम प्रिसिला यांनी सुरू केले. प्रिसिला १८८१ मध्ये वारल्या आणि त्यांच्या स्मरणार्थ १८८५ मध्ये चांदणी चौकात स्त्रिया आणि मुलांसाठी सेंट स्टीफन्स रुग्णालय उघडले, जे पुढे तीस हजारीला हलले आणि आजही चालू आहे. बायबलबायांची नावे मात्र अहवालांत क्वचितच येतात, आणि आली तरी बाप्तिस्म्याच्या नावापलीकडे त्यांच्याविषयी फारसे काही कळत नाही.

विंटर यांच्या हातून बाप्तिस्मा घेणाऱ्यांत शहरातील चर्मकार समाजाची माणसे बरीच होती. नंतर आलेल्या जॉर्ज लेफ्रॉय या तरुण मिशनऱ्याला त्यांचा ख्रिस्ती धर्म वरवरचा वाटला, कारण लग्न, मयत आणि पंचायत यांत ते पूर्वीसारखेच बिरादरीबरोबर राहत. लेफ्रॉयने दर्यागंजमध्ये वेगळी छोटी ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तिला नियम घातले: रविवारी काम बंद, जन्म-लग्न-मरणाचे विधी ख्रिस्ती पद्धतीने, चरस ओढणे वर्ज्य. मिशनची अट आणि बिरादरीचे नाते यांत निवड करण्याची पाळी आली तेव्हा पुष्कळांनी बिरादरी सोडण्यास साफ नकार दिला. लेफ्रॉयच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही, आपले अपयश त्याने छापून जाहीर केले. पण नियम ठरवताना ज्यांनी ते पाळायचे त्यांच्या पंचायतीचे मत आधी घ्यावे, हे त्याला सुचले नाही.

लेफ्रॉय ज्या तुकडीतून आला ती केंब्रिज मिशनची. १८७७ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील काही पदवीधरांनी प्रोफेसर वेस्टकॉट यांच्या प्रेरणेने, एस. पी. जी.च्या सहकार्याने, दिल्लीत बंधुमंडळ म्हणून एकत्र राहून काम करण्याचे ठरवले. यमुनेकाठी नवे अलेक्झांड्रिया उभारावे, ही वेस्टकॉट यांची कल्पना होती: प्राचीन अलेक्झांड्रियात ग्रीक विद्येच्या साहाय्याने ख्रिस्ती विचार नव्याने घडला, तसाच तो हिंदुस्थानी विद्येच्या सहवासात घडावा. योगायोग असा की, त्याच वर्षी सरकारने दिल्ली कॉलेजचे वर्ग बंद करून लाहोरला हलवले आणि शहर उच्च शिक्षणाला मुकले. ती पोकळी भरण्यासाठी १ फेब्रुवारी १८८१ रोजी किनारी बाजारातील कटरा खुशाल राय या गल्लीत सेंट स्टीफन्स कॉलेज सुरू झाले. प्राचार्य सॅम्युअल ऑलनट, विद्यार्थी ५ आणि शिक्षक ३. दहा वर्षांनी कॉलेज कश्मीरी गेटला, स्किनरच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर, स्वतःच्या इमारतीत गेले.

या कॉलेजात १८८६ मध्ये सुशीलकुमार रुद्र शिक्षक म्हणून आले. १८६१ मध्ये बंगालमध्ये जन्मलेले रुद्र दुसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. वडील प्यारीमोहन हे स्वतः पाळक होते. रुद्र मितभाषी, शिस्तीचे, उत्तम अध्यापक. वीस वर्षे त्यांनी काम केले, त्यांच्या डोळ्यांदेखत केंब्रिजहून नवखे तरुण येत, त्यांच्याकडून दिल्ली शिकत आणि त्यांच्या वरच्या जागेवर जात. याला कोणी अन्याय म्हणत नसे. मिशनच्या संस्थेचा प्रमुख मिशनरीच असायचा आणि मिशनरी म्हणजे इंग्रज, ही व्याख्या इतकी अंगवळणी पडली होती की तिचे समर्थन करण्याचीही कोणाला गरज वाटत नव्हती.

१९०४ च्या मार्चमध्ये चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज दिल्लीत आले आणि रुद्र यांच्या घरी त्यांचा राबता सुरू झाला. अँड्र्यूज यांनी पुढे अनेकदा लिहिले की हिंदुस्थान त्यांना परका वाटला नाही याचे श्रेय रुद्र यांच्या मैत्रीला आहे. जुन्या दिल्लीचे वृद्ध मुन्शी झकाउल्ला यांच्याकडेही ते जात असत, आणि पुढे १९२९ मध्ये त्यांनी झकाउल्लांचे चरित्र प्रसिद्ध केले. मास्तर रामचंद्रांच्या शिष्याकडून असे नव्या पिढीच्या मिशनऱ्याने धडे घेतले. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे कॉलेजातही शिरले होते; विद्यार्थी प्रश्न विचारू लागले होते.

१९०६ मध्ये प्राचार्य हिबर्ट-वेअर यांनी पद सोडले. ती जागा अँड्र्यूज यांना देऊ करण्यात आली. ते जेमतेम दोन वर्षांपूर्वी आलेले, त्यांना उर्दू धड येत नव्हती. रुद्र वीस वर्षांचे अनुभवी. तरीही दिल्ली ज्यांच्या धर्मप्रांतात येत होती ते लाहोरचे बिशप, म्हणजे आता बिशप झालेले तेच लेफ्रॉय, कचरत होते: इंग्रज प्राध्यापक हिंदी प्राचार्याच्या हाताखाली कसे काम करतील, शिस्त कशी राहील, संस्थेला पैसे देणारे विलायतेतील लोक काय म्हणतील? अँड्र्यूज यांनी पद नाकारले आणि रुद्र यांची नेमणूक होणार नसेल तर आपण राजीनामा देऊ असे कळवले. मिशनमधील काही सहकाऱ्यांनीही त्यांना साथ दिली. अखेर रुद्र प्राचार्य झाले, आणि अशा प्रतिष्ठेच्या मिशन कॉलेजचा पहिला हिंदी प्राचार्य हा मान त्यांना मिळाला. ज्या शंका काढल्या गेल्या त्यांपैकी एकही खरी ठरली नाही; इंग्रज प्राध्यापक टिकले, विद्यार्थी वाढले, लौकिक वाढला. या प्रसंगाचे सगळे श्रेय अँड्र्यूज यांना देण्याची रीत आहे, आणि त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. पण अंगी पात्रता असूनही वीस वर्षे वाट पाहणाऱ्या माणसाच्या हक्कासाठी दोन वर्षांच्या पाहुण्याचा राजीनामा पणाला लागावा, यातच त्या काळची विषमता पुरती उघडी पडते.

हा प्रश्न दिल्लीपुरता नव्हता. १९०५ च्या नाताळात सेरामपूर येथे व्ही. एस. अझरिया, के. टी. पॉल आदी देशी ख्रिस्त्यांनी हिंदी पैशाने आणि हिंदी माणसांनी चालणारी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन केली. १९१० मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली तेव्हा सुमारे १२०० प्रतिनिधींत आशियाई माणसे वीसही नव्हती. त्यांतल्या अझरिया यांनी भर सभेत सांगितले की, मिशनऱ्यांनी त्याग केला, आता आम्हाला प्रेम हवे, मैत्री हवी. श्रोत्यांपैकी कित्येकांना ते रुचले नाही. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीत वर्षानुवर्षे राहून याच निष्कर्षाला आले आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्म्याची अट नसलेली, देशी वळणाची संघटना काढली. टिळकांनी संस्थेबाहेर वाट काढली. रुद्र यांनी संस्थेत राहून तिचीच घडी बदलली. १९१३ मध्ये सेंट स्टीफन्सची रीतसर संस्था म्हणून नोंदणी झाली आणि कॉलेजला स्वतःची घटना मिळाली.

राजकारणाशी कॉलेजचा संबंध गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामार्फत आला. अँड्र्यूज १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसला गेले होते, गोखल्यांशी त्यांचा स्नेह जमला, आणि दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा लढा निकराला आला तेव्हा गोखल्यांच्या सांगण्यावरून ते विल्यम पिअर्सन यांच्यासह तिकडे निघाले. २ जानेवारी १९१४ रोजी डर्बनच्या धक्क्यावर त्यांनी वाकून गांधींच्या पायांना हात लावला आणि तेथील गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी कांगावा केला. रुद्र यांनी आपला सर्वात मोलाचा सहकारी विनातक्रार जाऊ दिला. अँड्र्यूज त्याच वर्षी कॉलेज सोडून शांतिनिकेतनला गेले, तरी कश्मीरी गेटचे घर त्यांचेच राहिले. गांधी १९१५ च्या एप्रिलमध्ये प्रथम दिल्लीला आले तेव्हा अँड्र्यूज यांच्या ओळखीने ते रुद्र यांच्याकडे उतरले, कॉलेजात विद्यार्थ्यांपुढे बोलले, आणि पुढची काही वर्षे दिल्लीतील त्यांचा मुक्काम तेथेच असे.

हे साधे नव्हते. नव्या राजधानीत, सरकारी अनुदान घेणाऱ्या, इंग्रज मिशनच्या कॉलेजच्या प्राचार्याने सरकारच्या डोळ्यांत सलणाऱ्या माणसाला घरी ठेवणे धोक्याचे होते. रौलट कायद्याविरुद्धच्या निदर्शनांवर ३० मार्च १९१९ रोजी चांदणी चौकात गोळीबार झाला, दिल्लीकडे येणाऱ्या गांधींना एप्रिलमध्ये पलवल स्टेशनवर अटक करून माघारी पाठवण्यात आले, त्यानंतर तर पोलिसांची नजर प्रत्येक दारावर होती. आपण मुक्काम केल्याने कॉलेज अडचणीत येईल अशी चिंता गांधींनी बोलून दाखवली असता रुद्र यांनी ती मनावर घेतली नाही. खिलाफतीच्या मागणीविषयी व्हाइसरॉयला लिहिलेल्या खुल्या पत्राचा मसुदा त्याच घरात तयार झाला, रुद्र आणि अँड्र्यूज यांनी तो तपासला, आणि असहकाराची कल्पनाही त्याच छपराखाली आकाराला आली, असे गांधींनी रुद्र यांच्या मृत्यूनंतर ‘यंग इंडिया’त लिहिले. रुद्र स्वतः व्यासपीठावर कधी गेले नाहीत.

१९२२ मध्ये दिल्ली विद्यापीठ स्थापन झाले आणि सेंट स्टीफन्स त्याच्या पहिल्या तीन कॉलेजांपैकी एक झाले. पुढच्या वर्षी रुद्र निवृत्त झाले आणि जून १९२५ मध्ये सोलन येथे वारले. त्यांच्या जागी एफ. एफ. मंक हे इंग्रज आले, त्यामुळे १९०६ ची नेमणूक अपवादच होती की काय, अशी शंका घेण्यास जागा होती. पण १९२६ मध्ये एस. एन. मुखर्जी प्राचार्य झाले आणि जवळजवळ वीस वर्षे राहिले, आणि मग तो प्रश्न कोणी काढला नाही. कॉलेजच्या बाहेर, खेड्यापाड्यांतील गरीब मंडळ्यांत मात्र बदलाला वेळ लागला. तेथील उपदेशक आणि शिक्षक मिशनच्या तुटपुंज्या पगारावर, मिशनरी साहेबाच्या मर्जीवर अवलंबून होते. रुद्र यांच्यासारखी पदवी, घराणे आणि इंग्रजी ज्यांच्याकडे होती त्यांनाच बरोबरीचा पाट मिळाला होता, दर्यागंजच्या वस्तीतल्या माणसाला नाही.

स्वातंत्र्यानंतर मिशनच्या मालमत्ता आणि अधिकार क्रमाने हिंदी मंडळ्यांकडे आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. एकाच शहरात शंभराहून अधिक वर्षे वेगवेगळ्या चुली मांडून बसलेले थॉम्सन यांचे बॅप्टिस्ट आणि जेनिंग्ज यांचे अँग्लिकन त्यात होते, आणि टिळकांनी ज्या अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला त्याच्या अहमदनगरकडील मंडळ्याही.